तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली आहे

मदेरा, कॅलिफोर्निया
११ ऑक्टोबर १९९८

प्रिय दोमितिला मावशी,

हे पत्र एकटीनेच वाच. दार लावून वाच. फोनच केला असता, पण डॉन एवारिस्तोच्या दुकानातला फोन म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आधी कर्ण्यावरून तुझं नाव गावभर, मग तू ओढणी सावरत धावणार आणि तुझ्यामागे अर्धं गाव साबण घ्यायच्या निमित्ताने. म्हणून कागद.

आईच्या पोटात कॅन्सर आहे. लिहिला एकदाचा तो शब्द. गेले चार दिवस तोंडातून निघत नव्हता.

डॉक्टर तरुण आहे, लाल कानांचा. त्याला हे थेट आईलाच सांगायचं होतं. इथली रीत आहे म्हणे, ज्याचं दुखणं त्याला सांगायचं. मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, तुझी स्वतःची आई असती तर तिच्या तोंडावर सांगितलं असतंस? तर म्हणतो, हो. कसली काळजं दिली आहेत देवाने या लोकांना! दुभाषी बाई बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, नको, दहा वर्षं बेदाण्याच्या शेडमध्ये मुकादमाशी भांडून इंग्रजी शिकले आहे, माझ्या आईला मीच सांगेन. फक्त तो एक शब्द तू उच्चारू नकोस, कारण तो तुमच्यात आणि आमच्यात एकच आहे.

मग आत गेलो. तो सांगत होता की यकृतापर्यंत पोचलंय, औषध लागू पडलं तर वर्ष, नाहीतर काही महिने. मी आईकडे वळून म्हटलं, "आई, अल्सर आहे. तिखट बंद. औषधाच्या बाटल्या लावाव्या लागतील." आई म्हणाली, "मिरची बंद? म्हणजे या पोराला मला मारायचंच आहे की!" आणि हसली. डॉक्टरला वाटलं बाई किती धीराची. त्याचे डोळे भरले. त्याने तिचा हात दाबला. मीही हसत उभी राहिले, देवा!

मावशी, तू मला दोष देणार नाहीस. अन्सेल्मो आजोबांना शहरातल्या डॉक्टरने सोमवारी सांगितलं आणि शनिवारी त्यांनी डोळे मिटले, ही गोष्ट तूच मला शंभर वेळा सांगितली आहेस. दुखण्याने नाही गेले, त्या शब्दाने गेले, असं तूच म्हणायचीस. आईला मी तसं जाऊ देणार नाही. तू पत्र लिहिशील तेव्हा अल्सरचंच लिही. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, माझी येसेनिया तिला पत्र वाचून दाखवते आणि त्या पोरीलाही मी अल्सरच सांगितलंय.

पोरांचा बाप फिदेन्सियो बरा आहे. छोट्या उलिसेसचे पुढचे दोन्ही दात पडले.

तुझी,
एर्लिंदा


मदेरा
१९ ऑक्टोबर

दोमी,

माझं अक्षर तसंच आहे, कोंबडीने उकरल्यासारखं. वाच कसंबसं. कपडे धुवायच्या दुकानात बसले आहे. एर्लिंदाला वाटतं मी चादरी आणल्यात. चादरी फिरताहेत, मी लिहिते आहे.

मला काय झालंय ते मला ठाऊक आहे. कुणी सांगितलं नाही. आमच्या शेडमधली ओफेलिया तुला आठवते का, माझ्या पत्रांत असायची, बेदाणे निवडताना सारखी गाणारी? दोन वर्षांपूर्वी तिला बाटल्या लावायला न्यायचे तेव्हा सोबत मी बसायचे. हिरव्या खुर्च्या, खिडकीत मेलेलं कुंडीतलं झाड. परवा एर्लिंदाने मला त्याच खोलीत नेलं आणि म्हणाली, अल्सरवाल्यांची खोली. झाड अजून तिथेच आहे. कुणी फेकत नाही.

पोरीचा आवाज इतका गोड झालाय दोमी, की ऐकवत नाही. लहानपणी अंडं फोडलं की असाच आवाज काढायची.

आता ऐक. मला ठाऊक आहे हे तिला कळता कामा नये. तिला वाटतंय की मला ठाऊक नाही म्हणून मी जगते आहे. त्या एका गोष्टीला धरून ती उभी आहे. ती काढून घेतली तर ती कोसळेल, आणि दोन पोरं आहेत.

मला घरी यायचं आहे. तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मला माझ्या लासारोशेजारी पिरूलच्या झाडाखाली झोपायचं आहे, आपल्या एल साउसालच्या मातीत. पण मी हे बोलले तर एर्लिंदा मला एकटीला सोडणार नाही, माझ्याबरोबर येईल. आणि कागद नसलेलं माणूस एकदा दक्षिणेला उतरलं की परत कसं जाणार? गेल्या खेपेला तीन रात्री वाळवंटात चालली होती, पायाची नखं गेली होती. आता कुंपण आणखी उंच केलंय म्हणतात. मी मरायला गावी यायचं आणि उलिसेसने आईला मुकायचं, हे मला जमणार नाही.

तेव्हा लासारोच्या कबरीवर हात ठेवून शपथ घे की बोलणार नाहीस. घेतलीस की पुढच्या पत्रात लिही, तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली आहे. मी समजेन.

चादरी थांबल्या.

आंपारो


एल साउसाल, मिचोआकान, मेक्सिको
१० नोव्हेंबर १९९८

प्रिय एर्लिंदा पोरी,

तुझं पत्र दार लावून वाचलं, चूल पेटवली आणि त्यात घातलं. माझ्या पोटातून हे बाहेर जाणार नाही. आजोबांचं तू म्हणतेस ते खरं आहे. मीच सांगायचे.

मृतांचा सण झाला. लासारोची कबर मी चुना लावून पांढरी केली, झेंडू लावला, त्याच्या आवडीची भोपळ्याची मिठाई ठेवली. ती रात्रीत कुत्र्यांनी खाल्ली, पण लासारोही काही फार खाणारा नव्हता. पिरूलखालची शेजारची जागा रिकामीच आहे. डॉन एवारिस्तोचा डोळा आहे तिच्यावर, त्याच्या सासूसाठी. म्हटलं, तुझी सासू अजून जिवंत आहे, आणि तिचा रंग बघता तूच आधी जाशील.

तुला एक विचारू? आईला एकदा सहज विचारून बघ, इकडे यावंसं वाटतं का. इथली हवा, इथलं पाणी पोटाला बरं. माझं आपलं एक म्हणणं. तू समजूतदार आहेस.

पोटासाठी झाडाची साल पाठवते आहे. रात्री भिजत घाल, सकाळी लाल पाणी प्यायचं. अल्सरला उत्तम.

आणि आईला वाचून दाखव: ताई, इकडे सगळं ठीक. तुझी तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली आहे.

तुझी मावशी,
दोमितिला


मदेरा
१७ जानेवारी १९९९

प्रिय मावशी,

साल पोचली. डॉक्टरला न विचारता देते आहे. तो नको म्हणाला असता. त्याला सगळ्यालाच नको म्हणायला आवडतं.

एक गंमत सांगते. येसेनियाने तुझं कोंबडीचं वाक्य वाचलं आणि आई रडायलाच लागली. आम्ही सगळे बघतच राहिलो. कोंबडी अंड्यांवर बसली म्हणून कुणी रडतं का? मग डोळे पुसून म्हणाली, "शहाणी आहे माझी कोंबडी." गावची आठवण आली असेल, म्हणून तू सुचवलंस तसं लगेच विचारलं, "आई, गावी जावंसं वाटतं का गं?" तर म्हणाली, "कशाला? माझं जे काही आहे ते इथेच आहे. मेलेल्यांना माझी गरज नाही." मावशी, इतकं बरं वाटलं! मी घाबरले होते की हो म्हणेल. हो म्हणाली असती तर तिला घेऊन मीच निघाले असते, मग काय व्हायचं ते होवो.

बाटल्यांचं औषध जड जातंय. केस गळतील असं नर्स म्हणाली होती, आणि त्याला काय कारण सांगावं या विचाराने मी हैराण होते. तर एका सकाळी बघते, आईने स्वतःच वेणी कापलेली. कमरेपर्यंतची वेणी, मावशी! म्हणाली, मानेला उकडतं. जानेवारीत! कुठे आहे वेणी म्हटलं, तर टाकली कचऱ्यात. मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही.

खाते मात्र चांगलं. ताट स्वच्छ करते.

आता खरं सांगायचं ते. ती नर्स, जाडी, प्रेमळ आहे खरी, मला बाजूला घेऊन म्हणाली की आता औषध थांबवून आईला घरी राहू द्या, आम्ही येऊन दुखण्यावर औषध देत जाऊ, शांतपणे जातील. म्हणजे काय? पोरीने आईला टाकून दिली असंच ना? मी म्हटलं, माझी आई आधी मक्याची तोर्तिया मला द्यायची आणि करपलेल्या कडा स्वतः खायची, तिला मी शांतपणे जाऊ देऊ? मग एक कागद आला. श्वास थांबला तर यंत्र लावायचं का, सगळे उपाय करायचे का. हो, सगळे. आईला म्हटलं, जीवनसत्त्वांचा कागद आहे. तिने सही केली. तिचं ते वळणावळणाचं आ.

मेणबत्ती लाव माझ्या नावाने.

एर्लिंदा


मदेरा
१४ फेब्रुवारी

दोमी,

सोबत माझी वेणी आहे. जुन्या ओढणीत गुंडाळली आहे, उघडून घाबरू नकोस. एर्लिंदाला टाकली म्हणून सांगितलं. गळून न्हाणीत जाण्यापेक्षा माझ्या हाताने कापलेली बरी. मी तर काही येत नाही आता. ही पोचव लासारोपाशी. त्याला ही वेणी आवडायची, अंधारात हाताला लागली की म्हणायचा, दोर सापडला, आता हरवत नाही.

पुन्हा धुण्याच्या दुकानात आहे, पण आज येसेनियाने धरून आणलं. ती बाहेर मैत्रिणीशी बोलते आहे.

तुला वाटेल मी मजेत आहे, तिच्या पत्रांवरून. मी तिच्यासमोर खाते. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि सगळं बाहेर येतं. गंमत अशी की ती पण रोज न्हाणीघरात जाते आणि नळ सोडते. ती रडायला जाते. पातळ दार आहे, सगळं ऐकू येतं. ती आत गेली की मी मोठ्याने गाते, ओफेलियाची गाणी, म्हणजे तिला वाटावं की मला ऐकू येत नाही. एकाच घरात दोघी, एक नळ, असं चाललंय.

दुखतं फार. दुखतं असं म्हणाले तर तिला कळेल, म्हणून थोडं दुखतं म्हणते. नर्स एक ते दहा आकडे विचारते. मी तीन सांगते. नर्स माझ्या तोंडाकडे बघते आणि काहीतरी वेगळंच लिहिते.

तो कागद आणला होता. जीवनसत्त्वांचा म्हणाली. नर्सने बोलता बोलता स्वतःच्या गळ्याकडे बोट नेलं होतं, ते मी बघितलं. ओफेलियाच्या गळ्यात घातली होती ती नळी. शेवटचे सात दिवस तिला गाता आलं नाही, बोलता आलं नाही, नवऱ्याला, सेवेरियानोला, काही सांगता आलं नाही, नुसते डोळे. मला तसं नको होतं दोमी. पण एर्लिंदाने पेन पुढे केलं आणि मी सही केली. माझ्यासाठी नाही. तिला पुढे जन्मभर म्हणता यावं की मी सगळं केलं.

परवा बोलणारच होते. ती माझ्या पायांना तेल लावत होती. म्हणाली, "आई, उन्हाळ्यात तुला चालायला नवे बूट घेतलेत, मऊ आहेत." पेटी उघडून दाखवली. पांढरे बूट. मी म्हटलं, "एर्लिंदा, ऐक." ती म्हणाली, "काय?" आणि असं बघितलं, असं बघितलं की मी म्हटलं, "एक माप मोठे आहेत." ती म्हणाली, "बदलून आणते."

मी गेल्यावर सांग तिला. आधी नाही.

आंपारो


एल साउसाल
८ मार्च १९९९

एर्लिंदा,

मी शपथ मोडते आहे. लासारोच्या कबरीवर हात ठेवून घेतलेली. देव मला काय करायचं ते करो.

तुझी आई सगळं जाणते. पहिल्या दिवसापासून. त्या हिरव्या खुर्च्यांच्या खोलीत ती ओफेलियासोबत बसली होती. कोंबडीचं वाक्य म्हणजे माझी शपथ होती. माझ्याकडे तांबडी कोंबडीच नाही, पोरी. वेणी कचऱ्यात गेली नाही, ती माझ्यासमोर ओट्यावर आहे, तिने चोरून लिहिलेल्या दोन पत्रांशेजारी.

तिला घरी यायचं आहे. यंत्र नको आहे तिला. लासारोशेजारी झोपायचं आहे. ती बोलत नाही कारण ती बोलली तर तू बरोबर येशील आणि परत जाऊ शकणार नाहीस. आणि तू बोलत नाहीस कारण ती ऐकून मरेल. आणि मी दोघींचं ऐकून मूग गिळून बसले, स्वतःला फार इमानी समजत.

आता एक साधी गोष्ट ऐक, जी आम्हा दोन म्हाताऱ्यांना पाच महिन्यांत सुचली नाही. तुला यायची गरजच नाही. ओफेलियाचा सेवेरियानो दर ईस्टरला विमानाने मोरेलियाला येतो ना? त्याच्याकडे कागद आहेत. आईला त्याच्याबरोबर बसव. मी विमानतळावर डॉन एवारिस्तोची गाडी घेऊन उभी असेन, मागे गादी घालून. तू तिथेच तिचा निरोप घे, पोटभर बोल, खरं बोल, आणि पाठव. तुला लगेच कळायला हवं म्हणून तीन वेळा फोन करायला दुकानापर्यंत गेले. तोंडाने हे बोलवलं नाही. म्हणून पत्र.

वाचलंस की फोन कर. आईला घट्ट धर.

दोमितिला मावशी


मदेरा
२५ मार्च १९९९

प्रिय मावशी,

शनिवारी फोनवर, ती गेली, इथेच पुरते आहे, यापलीकडे मला धड बोलता आलं नाही. तुझ्यामागे सगळं गाव रडताना ऐकू येत होतं. तू फक्त एवढंच म्हणालीस, "तुला जे योग्य वाटलं ते तू केलंस." त्या एका वाक्यावर मी हे दिवस काढते आहे. म्हणून सगळं नीट लिहून कळवते.

नऊ तारखेला सकाळी तिला श्वास घेता येईना. हॉस्पिटलमध्ये गेलो आणि त्यांनी यंत्र लावलं. सगळे उपाय केले, मावशी, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. अकरा दिवस. लाल कानाचा डॉक्टर रोज मला विचारायचा, अजून करायचं का. मी म्हणायचे, करा.

ती जागी असायची. तापात होती, तिला कळत नव्हतं. तीन वेळा तिने नळी स्वतःच ओढून काढली. रक्त आलं. तिसऱ्यांदा नर्सने विचारलं, हात बांधू का? मी म्हटलं, बांधा. मऊ पट्ट्या होत्या, आत कापूस असतो. मग बोटांनी सारखं काहीतरी करायची, एकावर एक, एकावर एक, जशी वेणी घालतात तशी. मला वाटलं केसांचं दुःख करते आहे. मी म्हणायचे, "येतील गं आई, उन्हाळ्यापर्यंत केस येतील." ती डोळे मिटून घ्यायची.

शेवटपर्यंत तिला कळलं नाही की तिला काय झालं होतं. हे एकच समाधान आहे. अन्सेल्मो आजोबांसारखी भीतीने नाही गेली.

मंगळवारी इथेच पुरली. फादर म्हणाले, प्रेत गावी पाठवता येतं, व्यवस्था होते. मी म्हटलं, नाही, तिनेच सांगितलंय, माझं सगळं इथे आहे. इथे खड्डा यंत्राने खणतात, आत सिमेंटची पेटी असते, माती लागत नाही. पांढरे बूट पायात घातले. लहान माप आणलं होतं बदलून.

वेणी घरभर शोधली. पेटीत ठेवायची होती.

तुझी,
एर्लिंदा


मदेरा
२ एप्रिल १९९९

मावशी,

तुझं आठ तारखेचं पत्र परवा आलं. ३१ मार्चला. पुरून आठ दिवस झाले होते.

मी तिचे हात बांधले.

एवढंच लिहायचं होतं, पण लिहिते. फोनवर तू म्हणालीस "तुला योग्य वाटलं ते केलंस." तुला वाटलं मी पत्र वाचलंय? वाचूनही मी तिला इथे पुरते आहे, असं तुला वाटलं? आणि तू तरी काहीच बोलली नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर पेटी अजून वर होती, मावशी. शनिवार होता तो. मंगळवारपर्यंत तीन दिवस होते.

सेवेरियानो आमच्या पुढच्या गल्लीत राहतो. दर रविवारी आईच्या हातची तोर्तिया खायला यायचा. परवा तो मोरेलियाला गेला. जाताना विचारायला आला होता, गावी काही पाठवायचं आहे का. मी दार उघडलं नाही.

ती गात होती ते मला ऐकू यायचं. मला वाटायचं, बरी होते आहे. मी फिदेन्सियोला सांगायचे, बघ, आज गात होती.

ती नळी काढत होती कारण तिला बोलायचं होतं. आणि मी पट्ट्या बांधायला लावल्या आणि तिच्या कानात अल्सरच्या गोष्टी सांगितल्या. अकरा दिवस. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हटलं, अल्सर बरा होत आलाय. तिने माझ्याकडे बघितलं. मावशी, ते बघणं मला आता कळलंय, आणि मला ते कळायला नको होतं. तू का कळवलंस? आधी कळवायचं होतंस किंवा कधीच नाही.

तिची पत्रं माझ्याकडे पाठव. दोन्ही. त्यानंतर मला लिहू नकोस.

एर्लिंदा


एल साउसाल
२४ एप्रिल १९९९

एर्लिंदा,

लिहू नकोस म्हणालीस. हे शेवटचं. सोबत ताईची दोन्ही पत्रं आहेत. दुसऱ्यावर ओला डाग आहे तो माझा, तिचा नाही.

तू विचारलंस त्याची उत्तरं देते. हो, मला वाटलं तू पत्र वाचलंयस आणि तरीही ठरवलंयस. वाटलं, तुझी आई, तुझा हक्क, मी कोण लुडबुडणारी? आणि खरं तर मागे सगळं गाव उभं होतं, आणि मला लाज वाटली. दुसरं काही नाही. त्याआधी तीन वेळा दुकानात फोन करायला गेले ते लिहिलं होतं ना? तिन्ही वेळा डॉन एवारिस्तोने विचारलं, काय हवं, आणि मी म्हटलं, मीठ. माझ्या घरात तीन पिशव्या मीठ पडलंय. ते मला संपवता येणार नाही आणि टाकवत नाही.

आणि आजोबांची गोष्ट. तू ती धरून बसलीस म्हणून तुला सांगायलाच हवं. अन्सेल्मो आजोबा शनिवारी गेले हे खरं. पण सोमवारी त्यांना कळल्यावर ते रडले नाहीत. मंगळवारी त्यांनी गाढव विकलं, बुधवारी भावाशी वीस वर्षांचं भांडण मिटवलं, गुरुवारी आम्हा दोघी बहिणींना जवळ बसवून आमच्या आईबद्दल असं काही सांगितलं जे आम्हाला कधीच माहीत नव्हतं. शुक्रवारी कोंबडी मागून खाल्ली. तो भाग मी कधी सांगितला नाही, कारण शब्दाने मेले असं म्हटलं की गोष्ट रंगायची. लोक तोंडावर हात ठेवायचे. मला ते आवडायचं.

आता वेणीचं. काल पुरली. फादर म्हणाले केसांवर प्रार्थना म्हणायची पद्धत नाही, मग ते नुसते येऊन उभे राहिले. खणणाऱ्यांनी विचारलं, वेणीच आहे ना, वीतभर खणू? मी म्हटलं, नाही, माणसाएवढा. अख्खा. पिरूलच्या मुळ्या लागल्या, सकाळी लागले ते दुपारपर्यंत खणत होते. एवारिस्तोने पोरांना पाठवलं मदतीला, जागेबद्दल काही बोलला नाही. सेवेरियानो आला होता, ओफेलियाचा. टोपी काढून उभा राहिला. त्याने मला विचारलं, "आधीच माझ्याबरोबर का नाही पाठवली हो? मी तिकीट महिनाभर आधीचं काढलं असतं."

ओढणीसकट वेणी खाली सोडली. पेटी खाली जाते तेव्हा दोर करकरतात, लाकूड दगडाला लागतं, बायका ओरडतात, सगळ्यांना कळतं की पोचली. वेणी खाली गेली तेव्हा काहीसुद्धा वाजलं नाही. आम्ही सगळे काठावर थांबून राहिलो, पोचली की नाही ते ऐकायला.

दोमितिला